सन १९००, मुक्काम प्रतापनगर

२० एप्रिल, रविवार

नवीन वही. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहायचं.

काल प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. 'अमेरिकेचा इतिहास' हा बी.ए. तृतीय वर्षाचा पेपर जूनपासून बंद होणार म्हणे. यंदा सहा विद्यार्थी होते. त्यातले दोघे 'अर्थशास्त्र' समजून येत होते, हे त्यांनी मार्चमध्ये सांगितलं. बावीस वर्षं मी हा पेपर शिकवतो आहे. प्राचार्य म्हणाले, "भोयर सर, बघू, कुठं तरी अ‍ॅडजस्ट करू तुम्हाला."

याचा अर्थ सरळ आहे. माणूस मला संधी देतो आहे. सिद्ध करा म्हणतो आहे.

१ जूनला वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझं भाषण आहे. विषय : '१९०० सालच्या अमेरिकन कुटुंबाचा एक दिवस'. प्राचार्य प्रमुख पाहुणे. बाकीचे वक्ते पुस्तकं वाचून बोलतील. मी जगून बोलणार. उद्यापासून ३१ मेपर्यंत हे घर सन १९०० मध्ये राहील. ओहायो राज्यातलं लहान शहर, मध्यमवर्गीय कुटुंब, मी, पत्नी, एक मुलगी, वृद्ध वडील. संख्यासुद्धा अगदी जुळते.

देवकीला अजून सांगितलं नाही. ती नेहमी म्हणते, तुमचं घरात लक्ष नसतं. खूश होईल.

२१ एप्रिल, सोमवार

खूश झाली नाही.

१९०० साली अमेरिकेत सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. घराघरातल्या बाया पहाटे उठून चुलीवर पाणी तापवत, खाचांच्या फळीवर कपडे घासत. मी वॉशिंग मशीनचा प्लग काढून ठेवला. देवकीनं विचारलं, आता कपडे कोण धुणार? मी म्हणालो, त्या काळी पत्नी धूत असे. ती म्हणाली, "त्या काळी मी सव्वानऊच्या बसनं पाटबंधारे खात्यात जात नव्हते," आणि बसनं निघून गेली.

मग मीच बसलो. खाचांची फळी मिळाली नाही म्हणून जुन्या पन्हाळी पत्र्याचा तुकडा घेतला. दोन शर्ट, एक टॉवेल झाला. एका शर्टाची तीन बटणं गेली. अंगठा कापला. साडेअकराला उरलेले कपडे मशीनमध्ये टाकले. पुस्तकात तपासलं, त्या काळी हँडल फिरवायच्या वॉशिंग मशीन होत्याच. आपल्याकडे हँडलच्या जागी वीज, एवढाच काय तो फरक. तत्त्व अबाधित.

२४ एप्रिल, गुरुवार

आज इतिहास घडला. आईसबॉक्स तयार झाला!

बाबांचं सागवानी कपाट होतं, त्याला सुताराकडून आतून जस्ताचा पत्रा ठोकून घेतला, मध्ये लाकडाचा भुसा भरला. वरच्या कप्प्यात बर्फाची लादी, खाली दूध, लोणी, भाज्या. गार हवा खाली उतरते. वितळलेलं पाणी नळीतून खालच्या परातीत. विजेचा संबंध नाही. अमेरिकेतल्या लाखो घरांनी यावर संसार केले.

बाबा बाहेर येऊन बराच वेळ बघत उभे होते. वय एकोणऐंशी. काटोलकडची संत्र्याची बाग माझ्या धाकट्या भावाच्या हाती देऊन सहा वर्षांपासून आमच्याकडे असतात. म्हणाले, "कोंबड्या पाळून राहिला का गा बापू?"

मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग माये धोतरं कुठी ठेवू?"

मोह नको म्हणून फ्रिज घरातून हलवला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, त्याचा टेम्पो येऊन घेऊन गेला. देवकी ऑफिसात होती. संध्याकाळी सांगेन.

२५ एप्रिल, शुक्रवार

सांगायची वेळ आली नाही. फ्रिजच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग होता, तो तिला दिसला.

काल रात्रीपासून एकूण चार वाक्यं बोलली. त्यातलं एक बाबांच्या इन्सुलिनबद्दल. बाबांना शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ देवकी त्यांना इन्सुलिनच्या पेनानं टोचते, औषध गार ठेवावं लागतं. मी तिला पुस्तकातला तक्ता दाखवला. चांगल्या आईसबॉक्सचं तापमान फ्रिजच्या जवळपास असतं. तिनं तक्ता पूर्ण वाचला आणि म्हणाली, "बरं."

देवकीचं 'बरं' म्हणजे पटलं. एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे.

२८ एप्रिल, सोमवार

बर्फवाला ठरला. नागसेन नाव. वाडीच्या फॅक्टरीतून बर्फ उचलून तीनचाकीवर उसाच्या रसाच्या गाड्यांना पोचवतो, वाटेत आपल्याकडे थांबेल.

अमेरिकेत गृहिणी खिडकीत एक कार्ड लावत. चार बाजूंना चार आकडे : २५, ५०, ७५, १००. जितके पौंड बर्फ हवा तो आकडा वर. बर्फवाला रस्त्यावरूनच बघून तेवढा तुकडा फोडायचा. एक शब्द न बोलता व्यवहार. किती सुंदर! मी ड्रॉइंग शीटचं कार्ड करून खिडकीत लावलं, ५० वर.

नागसेननं दहा मिनिटं हॉर्न वाजवला. मी खिडकीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "सर, थे घराचा नंबर हाय ना?" समजावल्यावर म्हणाला, "तुम्ही मले फोन करत जा ना सर. अन् लग्न कोनाचं हाय घरी?"

शेवटी फोनवरच ठरलं. कार्ड मात्र राहू देणार.

३ मे, शनिवार

अमेरिकेत शनिवारी स्नान. स्वयंपाकघरात पत्र्याचा टब, एकदाच तापवलेलं पाणी, त्यातच सगळं घर क्रमानं. आपल्याकडे आधी बाबा, मग मी, मग देवकी, शेवटी वैभवी असा क्रम लावला. वैभवी म्हणजे आमची मुलगी. बुटीबोरीला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तिनं क्रम ऐकला, बॅगेत टॉवेल टाकला आणि वरच्या मजल्यावर पुष्पलताबाईंकडे गेली. देवकीही गेली. पुष्पलताबाई हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या मेट्रन. एकट्या राहतात. घरात एसी.

बाबा टबाजवळ उभे राहून म्हणाले, "मी बसलेल्या पान्यात तू बसशीन?" मी म्हणालो, अमेरिकेत सगळे बसत. ते बसले. मग मी बसलो.

वेगळा अनुभव. भाषणात नक्की घ्यायचा.

५ मे, सोमवार

पाठीवर पुरळ. डॉक्टर म्हणाले घामोळं आहे. मी पाण्याचा विषय काढला नाही. पुढच्या शनिवारपासून शॉवर. (मोठ्या शहरांत श्रीमंतांकडे शॉवर होते. मी वाचलंय कुठं तरी.)

८ मे, गुरुवार

४४ अंश. १९०० च्या नियमानुसार कूलर बंद ठेवला होता. दुपारी दोन वाजता मी स्वतः चालू केला. बाबांचं वय बघून. बाबा त्या वेळी घरात नव्हते, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

बाबा हल्ली दुपारी पुष्पलताबाईंकडे बुद्धिबळ खेळायला जातात. चांगलं आहे, मेंदूला चालना. मात्र बाबांना बुद्धिबळ येतं हे मला माहीत नव्हतं. आज सहज विचारलं, हत्ती कसा चालतो? म्हणाले, "हळू."

११ मे, रविवार

त्या काळी लोखंडाची इस्त्री चुलीवर तापवत. दोन ठेवत, एक तापतेय तोवर दुसरी चालवत. मी गॅसवर तवा तापवून भाषणाच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. आता पाठीवर तव्याएवढं तपकिरी वर्तुळ आहे. कोट घातल्यावर दिसणार नाही. जूनमध्ये कोट घालावा लागेल.

देवकी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मला बरं वाटलं, मग लक्षात आलं की ती पुष्पलताबाईंना फोनवर सांगत होती.

१४ मे, बुधवार

कॉलेजात गेलो होतो. नोटीस बोर्डवर नवा आराखडा लागलाय. इतिहास विभागाच्या खाली माझं नाव नाही. ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, टायपिंग राहिलं असेल सर. तो हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

टायपिंगच असणार. मी त्याला भाषणाचं निमंत्रण दिलं.

येताना बसमधून दोन स्टॉप पुढे उतरलो. उन्हाचा परिणाम. बावन्न वर्षांच्या माणसानं टोपी घालायला हवी.

१८ मे, रविवार

आढावा. गॅस चालू आहे. मिक्सर चालू आहे. वॉशिंग मशीन २१ एप्रिलपासून, कूलर ८ तारखेपासून. मोबाईल कधी बंदच झाला नव्हता. रॉकेलचा कंदील लावला त्या दिवशी वैभवीला शिंका आल्या, म्हणून ट्यूबलाईट.

म्हणजे सन १९०० चं उरलं काय? आईसबॉक्स. मी नीट विचार केला. तोच त्या जीवनाचा आत्मा आहे. बाकी सगळं वरवरचं. आईसबॉक्स आहे तोवर प्रयोग जिवंत आहे, आणि प्रयोग जिवंत आहे तोवर भाषण आहे.

दूध मात्र रोज फाटतं. मी पनीर करून खातो. याउलट देवकीचं दही अगदी घट्ट, गोड. तेही याच पेटीतलं. म्हणजे दोष दूधवाल्याचा.

२४ मे, शनिवार

देवकी आणि वैभवी सकाळी मनीषनगरला गेल्या. देवकीच्या बहिणीच्या मुलीचा, श्वेताचा, साखरपुडा आहे, मदतीला पाच दिवस राहणार. निघताना देवकीनं मला पेन कसं फिरवायचं, किती युनिट, कुठं टोचायचं, दोनदा करून दाखवलं. मग चप्पल घालता घालता म्हणाली, इन्सुलिन वर पुष्पलताबाईंच्या फ्रिजमध्ये आहे, टोचायच्या वेळी आणायचं, लगेच परत ठेवायचं.

मी विचारलं, वर कधीपासून?

म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

दहीसुद्धा.

ऑटो आला, त्या गेल्या. महिनाभर ही माणसं माझ्या पेटीसमोर उभी राहून मान हलवत होती. बाबांनाही माहीत होतं. बुद्धिबळाचंही आता समजलं. वर एसी आहे.

पेटीचं दार उघडून बघितलं. आत एक काकडी होती.

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस. ४५.

सकाळी वर गेलो आणि इन्सुलिनचा डबा मागितला. सगळा. पुष्पलताबाईंनी दार अडवून धरलं. म्हणाल्या, "सर, हे औषध आहे. दही नाही."

मी शांतपणे सांगितलं की अमेरिकेतल्या दोन पिढ्या आईसबॉक्सवर जगल्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा इन्सुलिनचा शोध लागला होता का?"

हे मला त्या क्षणी आठवलं नाही. मी म्हणालो, बाबा माझे वडील आहेत. त्या आत जाऊन आल्या. डबा दिला.

डबा पेटीत खालच्या कप्प्यात मध्यभागी ठेवला. वर पूर्ण लादी. हात घातला, छान गार. आठ दिवसांनी व्याख्यानमालेत मी सांगू शकेन की माझ्या वडिलांचं औषधसुद्धा याच पेटीत होतं. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? प्राचार्य समोर असतील.

२६ मे, सोमवार

नागसेन आला नाही. फोन केला. फॅक्टरीचं मशीन बंद पडलंय आणि सगळीकडे लग्नं आहेत. म्हणाला, "उद्या पाहू सर." मी खिडकीतलं कार्ड १०० वर केलं. काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. पण केलं.

दुपारी परात भरून फरशीवर पाणी. लादी साबणाच्या वडीएवढी राहिली. आत हात घातला. बाहेरच्यापेक्षा निश्चित गार. बाहेर ४५.६ आहे.

डबा वर नेऊन द्यावा असं एकदा वाटलं. जिन्यापर्यंत गेलो. पुष्पलताबाईंच्या दारावर 'झोपले आहे, बेल वाजवू नये' अशी पाटी होती. परत आलो.

ती पाटी कायमच असते.

२७ मे, मंगळवार

बर्फ नाही. चौकातल्या सरबतवाल्याकडून थोडा बर्फाचा किस आणला. पेटीत ठेवेपर्यंत पाणी झालं होतं.

इन्सुलिन टोचलं, सकाळी आणि संध्याकाळी. हात आता बसला. बाबा म्हणाले, "आधी थंड लागे गा. आता कोमट लागून राहिलं."

मी म्हणालो, उन्हाळ्यात तसंच लागतं.

देवकीचा फोन आला. बाबा कसे आहेत? मी म्हणालो, छान. दुपारी दोन वाट्या आमरस घेतला. ती म्हणाली, दोन? मी म्हणालो, लहान वाट्या.

भाषणाची पानं २७ झाली. 'थंडीचं घराघरात आगमन' हा भाग उत्तम उतरलाय.

२८ मे, बुधवार, दुपार

बाबा सकाळपासून पाणी पाणी करतात. तांब्याभर पितात, पुन्हा मागतात. सारखे बाथरूमला. उन्हाळा आहे. पाणी प्यायलेलं चांगलंच.

तरी वैभवीनं बाबांसाठी आणलेलं शुगर तपासायचं मशीन काढलं. बोट टोचलं. आकडा आला नाही. पडद्यावर इंग्रजीत 'हाय' अशी दोन अक्षरं आली. पुन्हा केलं, पुन्हा 'हाय'. नवीन मॉडेल दिसतं, चालू करताना नमस्कार करत असावं. बॅटरी बदलून बघू.

संध्याकाळ

बॅटरी बदलली. 'हाय'.

संध्याकाळचं इन्सुलिन ठरल्यापेक्षा दोन युनिट जास्त दिलं. का दिलं, ते लिहीत नाही.

बाबा जेवले नाहीत. म्हणाले, "झोपू दे."

२९ मे, गुरुवार

बाबा चहाला उठले नाहीत. हलवलं. डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाले, "बैलाले पानी दाखोलं का?" आमच्याकडे तीस वर्षांपासून बैल नाहीत.

मी जिन्यात जाऊन ओरडलो. बेल वाजवली नाही, ओरडलोच. पुष्पलताबाई गाऊनवरच खाली आल्या. नाडी बघितली, मशीन बघितलं. म्हणाल्या, "हाय म्हणजे हाई. मशीनला मोजता येत नाही इतकी वर गेली आहे. कधीपासून येतंय हे?"

मी म्हणालो, काल.

त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग गाडीची किल्ली आणायला गेल्या.

बाबांना आम्ही दोघांनी उचललं. किती हलके झालेत. काटोलला संत्र्याची पेटी एका खांद्यावर घेऊन चालायचे, मला दुसऱ्या.

हॉस्पिटल. शुगर ६४०. शरीरातलं पाणी पार गेलंय. आयसीयू. डॉक्टर तरुण आहे, वैभवीएवढा. विचारलं, इन्सुलिन कुठं ठेवत होते? मी म्हणालो, आईसबॉक्समध्ये. तो लिहिता लिहिता म्हणाला, "फ्रिजमध्ये, बरं."

देवकी तेवढ्यात आत आली होती. हाताला मेंदी, साडी साखरपुड्याची. म्हणाली, "फ्रिज नाही डॉक्टर. कपाट."

३० मे, शुक्रवार

आयसीयूत एकाच माणसाला आत सोडतात. देवकी जाते. मी बाहेर खुर्चीवर.

तिनं मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. वैभवी डबा घेऊन आली, दोन चमचे आणले. आईचा आणि तिचा. मग स्वतःच उठून कँटीनमधून माझ्यासाठी एक आणला.

या वहीत मी खरं तेच लिहायचं ठरवलं होतं. २५ तारखेचं पान वाचलं. 'छान गार.'

३१ मे, शनिवार

शुगर २८०. बाबा शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. हे ते पुष्पलताबाईंकडे बघून म्हणाले.

वाचनालयाचे सचिव गोपाळराव यांचा फोन. उद्याचं नक्की ना? हँडबिलं वाटली आहेत. मी येतो म्हणालो.

कारणं : एक, बाबा धोक्याबाहेर आहेत. दोन, दिलेला शब्द. तीन, नोकरी राहिली तर औषधपाण्याची काळजी नाही, म्हणजे हे बाबांसाठीच आहे. तिसरं कारण देवकीला सांगायला गेलो. तिनं मध्येच विचारलं, "कोट कुठाय ते माहीत आहे ना?"

मला वाटलं, ती जा म्हणतेय.

१ जून, रविवार

प्राचार्य आले नाहीत. अपरिहार्य कारणामुळे.

हॉलमध्ये अकरा माणसं. त्यात गोपाळराव आणि माईकवाला धरून. कोटात घामानं आंघोळ झाली होती. मी सुरुवात केली. सोमवारचं धुणं सांगितलं, शनिवारचा टब सांगितला, लोक हसले. खरं तर भाषण रंगत होतं. मग आईसबॉक्सवर आलो. गार हवा खाली कशी उतरते ते हातानं दाखवलं. म्हणालो, मी स्वतः अशी पेटी घरी करून महिनाभर वापरली.

दुसऱ्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या. सुती साडी, मांडीवर पिशवी. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "सर, मंग टिकते का हो त्याच्यात सामान?"

साधा प्रश्न. पान १९ वर त्याचं उत्तर होतं. तक्ता होता. मी पान उलटलं, तक्ता समोर आला आणि मला अक्षरं दिसेनात. माईक चालू होता, माझा श्वास सगळ्या हॉलमध्ये ऐकू येत होता.

मी म्हणालो, "नाही टिकत. माझे वडील मरता मरता वाचले."

खाली बसलो. गोपाळराव उठले, आजच्या अभ्यासपूर्ण व्याख्यानाबद्दल आभार मानले आणि शाल दिली. त्या बाई जाताना जवळ आल्या. "आता कसे आहेत वडील?" बरे आहेत म्हणालो. "मंग इथं काहून आले तुम्ही?" म्हणाल्या.

रागानं नाही. खरोखर माहिती हवी होती त्यांना.

४ जून, बुधवार

बाबांना डिस्चार्ज. मी घर झाडून ठेवलं होतं, वाडीहून फ्रिज परत आणून लावला होता, आत फक्त दूध आणि बर्फाचा ट्रे. हॉस्पिटलच्या पायरीवर देवकी म्हणाली, बाबांना मनीषनगरला बहिणीकडे नेते. तिच्याकडे खालचा मजला रिकामा आहे. ती आणि वैभवीही तिथंच राहणार.

किती दिवस, मी विचारलं.

"ते मले नाही माहीत," ती म्हणाली. देवकी ऑफिसची मराठी बोलते. 'मले' फक्त थकली की येतं.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. ते गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "तू जेवत जाजो गा टाइमावर."

६ जून, शुक्रवार

कॉलेजचं पत्र. पेपर बंद. मला 'पर्यावरण अभ्यास' दिलाय, सगळ्या शाखांना सक्तीचा, सकाळी साडेसात. निर्णय १० एप्रिलच्या सभेत झाला होता, असं पत्रातच आहे. म्हणजे प्राचार्यांनी मला बोलावलं त्याआधी.

म्हणजे मी कुणाला काय सिद्ध करत होतो?

नोकरी शाबूत आहे. आनंद व्हायला हवा. फ्रिज फार आवाज करतो. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

९ जून, सोमवार

देवकीला फोन केला. म्हणालो, इन्सुलिन मी टोचत जाईन. सकाळी कॉलेजआधी साडेसहाला, संध्याकाळी सातला. प्रतापनगरहून मनीषनगर काही लांब नाही. तिनं वेळा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाली, "मी समोर उभी राहीन."

मी म्हणालो, राहा.

१० जून, मंगळवार

साडेसहाला पोचलो. देवकीनं स्वतः फ्रिजमधून पेन काढलं, तारीख बघितली, माझ्या हातात दिलं. दाराला टेकून उभी राहिली. हाताची घडी.

बाबा पलंगावर बसले होते, बंडी वर धरून. पोटावर हॉस्पिटलातल्या सुयांचे निळे डाग. मी युनिट फिरवले, देवकीला दाखवले, तिनं मान हलवली. मला सुई टेकवता येईना. तीन दिवस कोमट औषध याच हातानं दिलं तेव्हा हात स्थिर होता.

बाबा वाट बघत होते. मग उगाच बोलायचं म्हणून बोलल्यासारखं विचारलं, "तिकडं अमेरिकेत, त्या टायमाले, म्हातारे लोकं आजारी पडले त कोन करे त्यायचं?"

मी विचार केला. धुणं कधी, इस्त्री कशी, बर्फ किती पौंड, रविवारच्या जेवणात काय, शनिवारी पाणी कुणाचं आधी, सगळं मला माहीत आहे. बावीस वर्षं शिकवलं. हे मी कधी वाचलंच नाही. कुणी विचारलंही नाही.

म्हणालो, "माहीत नाही बाबा. वाचून सांगतो."

"वाचू नको गा बापू," ते म्हणाले. "हात थरथरून राहिला तुया. त्याचं पाह्य आधी."